व्हीआर हेडसेटची चेहऱ्याची गादी बदलताय? आधी जाडी मोजा

भिंगवाला (धागाकर्ता)

व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारं डोळ्यांवर बांधायचं यंत्र, चेहऱ्यात रुततो म्हणून जाडजूड मऊ गादी घेतली, आता चित्र लहान दिसतंय, कडेला काळं दिसतंय आणि गाल दुखायचे ते दुखतातच. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यासाठी वेगळा धागा असायला हवा.

गादीची कामं दोन. एक म्हणजे वजन चेहऱ्यावर पसरवणं. दुसरं, डोळा भिंगापासून किती लांब राहील ते ठरवणं. या दुसऱ्या कामाचा विचार न करता गादी बदलली की घोटाळा होतो. ढोबळ हिशोब बघा. भिंगाचा दिसणारा व्यास ४० मिमी धरला आणि डोळा २० मिमीवर असेल, तर भिंगाच्या कडेपर्यंतचा कोन ९० अंश येतो. तोच डोळा १५ मिमीवर आणला की १०६ अंश. प्रत्यक्षात आतल्या पडद्याची (स्क्रीनची) कड आधी आली तर वाढ तिथेच थांबते, पण गादीतल्या दोनचार मिलिमीटरांना किती किंमत आहे ते यावरून कळेल.

म्हणून गादीच्या पाकिटावरची जाडी बघून भागत नाही, चेपल्यावर ती किती उरते ते बघावं लागतं. गादी टेबलावर ठेवा, वर सपाट पुठ्ठा, पुठ्ठ्यावर साधारण एक किलो वजन. दोन मिनिटं थांबून कपाळ, दोन्ही कानशिलं आणि दोन्ही गाल अशा पाच ठिकाणी मोजा. जुन्या गादीचंही असंच माप घ्या. नवी गादी चेपल्यावर जुनीच्या आसपास, फार तर २ मिमी इकडेतिकडे, उरली पाहिजे. पातळ करायची असेल तर पापण्या भिंगाला लागत नाहीत ना, ते प्रत्येक टप्प्यावर तपासा. पापण्यांचं तेल भिंगावर लागलं की चित्र धुरकट होतं आणि वारंवार पुसल्यामुळे भिंगावर ओरखडे येतात.

गादीला हात लावण्याआधी पट्टे नीट लावा. निम्म्या लोकांचा त्रास इथेच संपतो असं माझं ठाम मत आहे.

१. सगळे पट्टे सैल करा.
२. मागचा भाग कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसवा. उंचवट्यावर बसवला तर तो वर सरकतो.
३. आधी वरचा पट्टा आवळा. बाजूचे पट्टे सैल असतानाही हेडसेट खाली घसरता कामा नये. वजन उचलणारा पट्टा हाच.
४. मग बाजूचे पट्टे फक्त डगमग थांबेल इतकेच ओढा.

आता पंधरा मिनिटं घालून काढा आणि आरशात वळ बघा. वळ फक्त गालांवर असतील तर हेडसेट खाली ओघळतोय, म्हणजे वरचा पट्टा सैल आहे किंवा पुढचं वजन तोलायला मागे काही नाही. फक्त कपाळावर असतील तर खालचा भाग टेकतच नाहीये. नाकाच्या दोन्ही अंगांना असतील तर नाकाची खाच अरुंद आहे. भुवईच्या नाकाकडच्या टोकापाशी बधिरपणा येत असेल तर तिथून कपाळावर चढणारी नस दाबली जातेय. तिथे गादी जाड करू नका, त्या जागी थोडी खोलगट करा.

बसवण्याची पद्धत मॉडेलगणिक वेगळी. क्वेस्ट २ आणि ३ मध्ये गादी धरणारी प्लास्टिकची चौकट असते आणि ती आख्खी ओढून निघते. क्वेस्ट ३ मध्ये त्या चौकटीलाच भिंग लांब-जवळ करायचे चार टप्पे आहेत, त्यामुळे जाडीची थोडी चूक तिथे सांभाळून घेता येते. जुन्या वाइव्हला वेल्क्रो आहे. इंडेक्सची चौकट चुंबकावर बसते आणि भिंगाचं अंतर बदलायला वेगळी घुंडी आहे. पीएसव्हीआर २ चं वजन कपाळाच्या कड्यावर असतं, चेहऱ्याला फक्त रबरी पडदा लागतो. तिथे मऊ गादीचा विचार कपाळाच्या पट्टीपुरता करा.

कापड, फोम, गोंद यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

नेमका

धागा चांगला. एक भर लगेच घालतो, कारण यात लोक हमखास अडकतात. दोन भिंगांच्या मधोमध, कपाळाच्या बाजूला हेडसेट घातलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो. नव्या गादीचा किंवा नाकापाशी उजेड अडवणाऱ्या कापडाचा काठ त्याच्यावर आला तर हेडसेट काढल्यावरही पडदा चालूच राहतो आणि बॅटरी उतरते. कधी उलटं होतं, गादी जाड झाल्याने कपाळ लांब राहतं आणि हेडसेट जागाच होत नाही. गादी बसवल्यावर पहिली चाचणी हीच करा. घालून पडदा लागतो का, काढून ठेवल्यावर थोड्या वेळात विझतो का.

सुईदोरा

कापणं आणि शिवणं याबद्दल सविस्तर लिहिते.

नमुना. जुनी गादी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवण्याचा मोह होतो, पण चौकट वळलेली असते आणि कागद सपाट, त्यामुळे नमुना लांबीला कमी पडतो. त्यापेक्षा चौकटीवर, गादी जिथे टेकते त्या पूर्ण पट्टीवर, कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे एकमेकांवर चढवत लावा. कड पेनाने आखा. मग सगळा थर अलगद सोलून पुठ्ठ्यावर सपाट चिकटवा आणि कापा. मधली रेषा आखून दोन्ही अर्ध्या बाजू एकमेकींवर दुमडून बघा. फरक आला तर दोन्हींच्या मधली रेषा धरा.

फोम कापणं. कात्री वापरू नका. कात्रीत फोम आधी चेपतो आणि मग कापला जातो, त्यामुळे सोडल्यावर कड मध्ये आत गेलेली आणि वरखाली बाहेर आलेली दिसते. ती कड गालावर रेघेसारखी रुतते. नवं पातं लावलेला लांब कटर घ्या, पातं पूर्ण बाहेर काढा आणि न दाबता, एकाच दिशेने, दोनतीन हलक्या फेऱ्यांत कापा. कापल्यावर फोमचा भुसा निघतो आणि तोच पुढे भिंगावर जाऊन बसतो. कागदी चिकटपट्टीने चारी कडा टिपून घ्या.

रुंदी. जाडीपेक्षा रुंदी वाढवणं जास्त गुणाचं. पट्टी १५ मिमी रुंद असेल आणि ती २० मिमी केली, तर टेकण्याची जागा एक तृतीयांशाने वाढते आणि दाब त्याच प्रमाणात वाटला जातो, डोळ्याचं अंतर मात्र तेवढंच राहतं. रुंदी बाहेरच्या अंगाला वाढवा. आतल्या अंगाला वाढवली तर गादी नजरेच्या कडेत घुसते.

वरचं कापड. कापडाची रुंदी काढायचं सूत्र: गादीची रुंदी, अधिक जाडीच्या दुप्पट, अधिक दोन्हीकडे ८ मिमी दुमड. २० मिमी रुंद आणि १० मिमी जाड गादीला ५६ मिमी कापड लागतं. ताणलं जाणारं विणीचं कापड घ्या. आतल्या वळणावर कापड गोळा होतं, तिथे दुमडीत दर ८ ते १० मिमीवर कात्रे द्या. शिवण गालावर येता कामा नये, ती कडेच्या उभ्या अंगावर ठेवा. ताणणाऱ्या कापडाला झिगझॅग टाका आणि पॉलिएस्टरचा दोरा, नाहीतर पहिल्यांदा खेचताच टाका तुटतो.

कापड फार ओढून बसवू नका. ओढलं की फोमच्या कडा गोल होतात, १० मिमीची गादी ७-८ मिमीची होते आणि टेकायची रुंदीही घटते. वर जे मोजमाप सांगितलंय ते कापड चढवल्यावर पुन्हा करा.

आतली बाजू, म्हणजे भिंगाकडे तोंड असलेली, काळी आणि बिनचमकीची हवी. पांढरा किंवा चकचकीत फोम पडद्याचा उजेड भिंगावर परत फेकतो आणि अंधाऱ्या दृश्यात राखाडी झाक दिसते.

अनवट

फोम कुठला घ्यायचा पण? मेमरी फोम म्हणतात तो खरंच चांगला की नुसतं नाव?

भिंगवाला

अनवट, चांगला आहे, पण त्याचा स्वभाव समजून घेतला तर. मेमरी फोम म्हणजे सावकाश परत फुगणारा पॉलियुरेथेन फोम. तो उष्णतेने मऊ होतो, थंडीत कडक. त्यामुळे थंड खोलीत हेडसेट घातल्यावर पहिली काही मिनिटं डोळा लांब राहतो आणि चित्र नीट बसत नाही, मग गादी गरम होऊन बसते आणि सगळं जवळ येतं. तेव्हा आधी गादी तळहाताने दाबून कोमट करा, मग पट्टा लावा. आधी पट्टा आवळला तर गादी बसल्यावर तो सैल पडतो.

थोडक्यात माझी निवड अशी.

उघड्या छिद्रांचा साधा फोम: हलका, हवा खेळते, घाम पितो, लवकर बसतो.
मेमरी फोम: चेहऱ्याच्या घडणीत उत्तम उतरतो, घाम पितो, धुतल्यावर वाळायला वेळ घेतो.
बंद छिद्रांचा, म्हणजे ईव्हीए किंवा निओप्रिन: पाणी पीत नाही, टिकतो, पण चेहऱ्याप्रमाणे वाकत नाही. गादीचा खालचा थर म्हणून छान.

दोन थर लावले तर गंमत चांगली जमते. चौकटीकडे ३ ते ४ मिमी ईव्हीए, चेहऱ्याकडे ८ मिमी मेमरी फोम. ईव्हीए गादीला चौकटीच्या कडेवर मोडू देत नाही आणि मेमरी फोम पूर्ण चेपला गेला तरी खाली कडक प्लास्टिक लागत नाही.

विकत घेण्याआधी परीक्षा: फोमचा तुकडा दोन फळ्यांत निम्म्या जाडीपर्यंत दाबून रात्रभर बांधून ठेवा, सोडल्यावर अर्ध्या तासाने मोजा. १० मिमीचा ९ मिमीच्या वर परत आला तर घ्या. ८ च्या खाली राहिला तर तो थोड्याच दिवसांत चपटा होणार.

चष्मेवाली

चष्मा वापरणाऱ्यांनी वरचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून चालावी: आपल्याला गादी पातळ करण्याची मुभा नाही. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली की दोन्ही जातात, आणि हेडसेटची भिंगं प्लास्टिकची असल्याने आधी तीच जातात.

चाचणी अशी. चष्म्याच्या काचेच्या मध्यावर बाहेरून कागदी चिकटपट्टीचे तीन थर लावा, हेडसेट न आवळता घाला, मग हाताने हलकेच दाबा. चिकटपट्टी भिंगाला टेकली तर अंतर अपुरं आहे. क्वेस्ट २ सोबत येणारा चष्म्याचा स्पेसर चौकट आणि हेडसेट यांच्या मध्ये बसतो. चौकट ओढून काढायची, स्पेसर बसवायचा, चौकट परत दाबायची. गादी जाड करण्यापेक्षा हा उपाय बरा, कारण गादीची मऊशी जाडी चेपून अंतर बदलत राहतं, स्पेसरचं बदलत नाही.

चष्म्याच्या काड्या कानशिलापाशी गादीखालून जातात आणि तिथे दाब दुप्पट होतो. उपाय म्हणजे गादीच्या मागच्या अंगाला, कानशिलाच्या जागी, काडीच्या रुंदीहून ३-४ मिमी जास्त अशी आडवी खाच. खाच पूर्ण आरपार नको, निम्म्या जाडीची पुरते. खाच चेहऱ्याकडच्या अंगाला केली तर तिथून उजेड शिरतो.

चष्म्याच्या चौकटीची रुंदीही बघा. चष्मा हेडसेटच्या आतल्या पोकळीपेक्षा रुंद असेल तर कुठलीही गादी कामाची नाही. अशा वेळी हेडसेटच्या भिंगावर बसणारी नंबरची भिंगं करून घ्यावीत. ती बसवली की गादी परत पातळ करता येते आणि चित्रही मोठं दिसतं. गादी पातळ केल्यावर मात्र चष्मा घालून तो हेडसेट कुणाला देऊ नका.

तिसरीमिती

गादीची चौकट स्वतः थ्रीडी प्रिंटरवर छापणाऱ्यांसाठी. पीईटीजी आणि पीएलए या छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीईटीजी घ्या. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, त्यामुळे उन्हात तापलेल्या बंद गाडीत चौकट वाकडी होऊ शकते. पीईटीजी ८० च्या आसपास टिकतं. ०.२ मिमी थर, बाहेरच्या भिंतीचे तीन पदर पुरे. चेहऱ्याच्या बाजूची कड बारीक सँडपेपरने घासून गोल करा, कारण फोम जुना झाला की हीच कड कपाळाला लागते. खटकन बसणाऱ्या खुंट्या उभ्या छापल्या, म्हणजे थर त्यांना आडवे छेदून गेले, तर मोडतात. चौकट अशी ठेवा की खुंटीवरचा ताण थर सोलणारा नसेल.

द्रव रेझिनपासून छापलेली चौकट त्वचेच्या जवळ वापरू नका. पूर्ण न पिकलेल्या रेझिनमधली अॅक्रिलेट नावाची रसायनं त्वचेला कायमची अॅलर्जी लावू शकतात आणि ती एकदा लागली की पुढे नखांवरची कृत्रिम कामं आणि काही वैद्यकीय चिकटपट्ट्यासुद्धा चालत नाहीत.

नेमका

आणि उन्हाचा विषय निघालाच आहे तर: गादी धुऊन उन्हात ठेवायची असेल तर ती हेडसेटवरून काढूनच. भिंगात ऊन शिरलं की ते पडद्यावर एकवटतं आणि पडद्यावर कायमचा डाग जळतो. त्याला फार वेळ लागत नाही. खिडकीतून येणारं ऊनही पुरेसं असतं.

शेवरी

गोंद कुठला वापरावा? झटपट चिकटणारा गोंद हाताशी आहे, तो चालेल का?

सुईदोरा

नको शेवरी, तो अजिबात नको. झटपट गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट. त्याची वाफ जवळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरी भुकटी होऊन बसते, आणि इथे जवळचा पृष्ठभाग म्हणजे भिंग. शिवाय फोममध्ये तो शोषला जाऊन दगडासारखा कडक होतो आणि ती गाठ कपाळाला टोचते. पिचकारीतून गरम करून सोडायचा गोंदही नको, तो जाड बसतो आणि गुठळ्या होतात.

चौकट हेडसेटवरून काढूनच काम करा. प्लास्टिकवर वेल्क्रोचा काटेरी भाग, गादीला मऊ भाग. उलटं केलंत तर गादी काढल्यावर काटेरी बाजू चेहऱ्याला आणि कापडाला ओरबाडते. अख्खी पट्टी वळणावर फिरवू नका, ती फुगते. १० मिमी रुंद आणि २५ ते ३० मिमी लांब असे सात तुकडे: कपाळाला तीन, कानशिलांना एकेक, गालांना एकेक. चिकटवण्याआधी चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, तुकडा लावून अर्धा मिनिट जोरात दाबा आणि निदान एक दिवस गादी ओढू नका. चिकटपट्टीची पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतोच.

वेल्क्रोची स्वतःची जाडी दोन्ही भाग मिळून २ ते ३ मिमी भरते. ती हिशोबात धरा. फोम तेवढा पातळ घ्यावा लागतो, हे मागाहून लक्षात येतं आणि मग आख्खी गादी परत कापावी लागते.

फोमला फोम चिकटवायचा असेल तर कडेने न चिकटवता मध्ये पातळ दुहेरी चिकटपट्टी लावा. काठापासून ३ मिमी जागा सोडा म्हणजे गोंद घामात भिजत नाही. सिलिकॉनला नेहमीचा कुठलाच गोंद धरत नाही. सिलिकॉनचं आवरण ओढून बसवायचं असतं, चिकटवायचं नसतं.

अनवट

गालांवरचा दाब जाड गादी लावूनही जात नाही. पट्ट्याचं सगळं वर लिहिल्याप्रमाणे केलं. आता काय?

भिंगवाला

जाड केल्यामुळेच जात नाहीये. गादी टेकते त्या जागांपैकी तुमचं गालाचं हाड पुढे आलेलं असणार. सगळीकडे सारखी जाडी वाढवली की सर्वात आधी टेकणारी जागा तीच राहते, उलट आता तिथे फोम जास्त चेपतो आणि जोराने परत ढकलतो. शिवाय डोळ्याच्या खाली, वरच्या जबड्याच्या हाडात एक छोटं छिद्र असतं, तिथून वरच्या ओठापर्यंत जाणारी नस बाहेर येते. तिथे दाब राहिला की गाल आणि वरचा ओठ मुंग्या आल्यासारखा वाटतो. असं वाटू लागलं तर हेडसेट काढाच.

तुम्ही हे करा. गालाच्या जागी गादी २ ते ३ मिमीने कमी करा आणि कपाळाला आहे तेवढीच ठेवा. एकदम कापू नका. गालाखालच्या फोमच्या मागच्या अंगातून पातळ काप काढा, म्हणजे वरचं कापड उसवावं लागत नाही. प्रत्येक कापानंतर घालून बघा. आदर्श स्थितीत कपाळावरचा दाब गालांपेक्षा जास्त असतो, कारण कपाळाचं हाड रुंद आणि सपाट आहे.

याचा दुसरा परिणाम म्हणजे भिंगाचा कल बदलतो. खालचा भाग पातळ झाला की भिंगाचा खालचा काठ चेहऱ्याकडे येतो. क्वेस्ट २, क्वेस्ट ३एस, इंडेक्स, पीएसव्हीआर २ यांची भिंगं फ्रेनेल, म्हणजे पृष्ठभागावर गोल गोल खाचा असलेली आहेत, त्यांचा स्वच्छ दिसणारा भाग लहान असतो. तिथे २ मिमीचा कलही अक्षरं धूसर करतो. अशा वेळी हेडसेट किंचित वरखाली करून स्वच्छ जागा परत शोधा. क्वेस्ट ३ आणि पिको ४ मधली पॅनकेक भिंगं, म्हणजे आतल्या आत प्रकाश मागेपुढे फिरवणारी पातळ भिंगं, याबाबतीत बरीच सोशीक आहेत.

आणि मागे वजन. क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम, क्वेस्ट २ चं ५०३, आणि त्यातलं बहुतेक नाकापुढे. मागे बॅटरीचा पॅक लावला की एकूण वजन वाढतं, पण पुढे ओढणारा जोर तोलला जातो आणि गालांवरचा भार उतरतो. कडक पट्ट्यालाच हे जमतं. कापडी पट्ट्यावर मागचं वजन लावलं तर ते नुसतं लोंबतं.

रानफूल

माझा मुद्दा नाकाचा. नाकाचा दांडा बसका असेल तर बहुतेक गाद्यांत नाकापाशी मोठी फट राहते, खालून उजेड येतो. लोक मग पट्टा आवळतात, आणि पुन्हा गालाचाच प्रश्न. फट बुजवायला फोम भरू नका, फोम नाकपुड्या दाबतो. पातळ, २ मिमी निओप्रिनचा किंवा काळ्या लायक्राचा झुलता पडदा पुरे: मध्ये उभी चीर, चीर सुरू होते तिथे ४ मिमीचं गोल भोक म्हणजे ती पुढे फाटत नाही. दोन पाकळ्या नाकाच्या दोन्ही अंगांना आपोआप टेकतात. मात्र पूर्ण बंद करू नका. तीच फट हवा आत घेते.

चष्मेवाली

रानफूल यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. भिंगावर धुकं धरण्याचं कारण म्हणजे थंड भिंग आणि चेहऱ्याची दमट गरम हवा. गादी जितकी घट्ट तितकं धुकं जास्त. हेडसेट चालू करून पाच मिनिटं ठेवा, भिंग थोडं तापतं. त्यानंतरही धुकं धरत असेल तर गादीच्या वरच्या काठाला, कानशिलाच्या थोडं आत, ३ मिमी रुंद असे दोन खाचे पाडा, तिरपे, म्हणजे सरळ उजेड शिरत नाही. चष्म्यासाठी मिळणारे धुकं न धरणारे फवारे हेडसेटच्या भिंगावर मारू नका, भिंगावरचा लेप खराब होण्याचा धोका असतो. भिंगाला फक्त कोरडं मायक्रोफायबर कापड.

त्वचारोगाचा मुद्दा

आयडी नवा आहे, विषय तेवढाच म्हणून. लाल वळ आणि पुरळ यांत फरक करा. दाबाचा वळ गादीच्या आकाराचा असतो आणि तास-दीड तासात जातो. संपर्काची अॅलर्जी बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते, खाजते, आणि गादी जिथे टेकते तिच्या बाहेरही पसरते. असं झालं तर ती गादी त्या दिवसापासून बंद, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवताना गादी सोबत न्या.

२०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या मूळ फोमच्या गादीबाबत हेच घडलं. अमेरिकेत त्या वर्षीच्या जुलैमध्ये सुमारे ४० लाख गाद्यांसाठी परतीची घोषणा झाली, त्वचेच्या त्रासाच्या ५,७१६ तक्रारी नोंदल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे ४५ जणांना वैद्यकीय उपचार लागले. कंपनीने वरून चढवायचं सिलिकॉनचं आवरण फुकट दिलं. जुना सेकंडहँड क्वेस्ट २ घेताय तर गादीवर ते आवरण आहे का बघा.

निओप्रिनमध्ये थायोयुरियाच्या जातीची रसायनं असू शकतात, त्यांनी काही जणांना अॅलर्जी येते. चुंबकावरचा निकेलचा मुलामाही त्रास देतो, म्हणून चुंबक त्वचेला लागता कामा नये. नवी गादी घरी आली की दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत ठेवा, वास गेला की वापरा. त्याआधी तिचा तुकडा किंवा मोकळी कड मनगटाच्या आतल्या बाजूला दिवसातून काही तास बांधून बघणं शहाणपणाचं.

शेवरी

घामाचं काय? व्यायामाचे खेळ खेळताना सगळं ओलंचिंब होतं.

सुईदोरा

घामासाठी दोनच मार्ग: न पिणारं आवरण किंवा पिणारं पण बदलता येणारं. अर्धवट काही चालत नाही.

न पिणाऱ्यात सिलिकॉन उत्तम. साबणाने धुता येतं. पण घाम जिरत नाही, तो खालच्या काठाला जमा होऊन गालावरून ओघळतो, आणि गादी ओल्या चेहऱ्यावर सरकते. कपाळाला पातळ घामपट्टी बांधा, मात्र तिची जाडी डोळ्याच्या अंतरात धरा. नकली लेदर, म्हणजे पीयूचा लेप दिलेलं कापड, पुसायला सोपं असतं पण घाम आणि ओलाव्याने त्याचा लेप हळूहळू तडकतो आणि त्याच्या खपल्या निघून भिंगावर पडतात. अल्कोहोलच्या वाइप्सनी हे आणखी लवकर होतं. ओल्या कापडाला सौम्य साबण लावून पुसा, मग कोरड्या कापडाने.

पिणाऱ्यात बांबूच्या धाग्याची वीण किंवा मायक्रोफायबर चांगलं. सुती कापड मऊ खरं, पण वाळत नाही. अशी निदान तीन आवरणं ठेवा. प्रत्येक वापरानंतर आवरण काढून पाण्यात बुडवा, कारण घामातलं मीठ वाळलं की कापड पापडासारखं कडक होऊन त्वचा हुळहुळते. कोमट पाणी, थोडा साबण, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं. मेमरी फोम स्वतः धुवावा लागला तर आत पूर्ण वाळायला दोन दिवस धरा. वरून कोरडा लागला तरी मधे ओल असते आणि तिथेच वास धरतो.

तिसरीमिती

एकच हेडसेट अनेकांनी वापरायचा असेल तर सिलिकॉन आवरण आणि वर पातळ न विणलेल्या कापडाचा टाकून द्यायचा मास्क. मास्क बदलणं पुरेसं नाही, माणसागणिक सिलिकॉनही पुसा. डोळे आले असतील किंवा ओठाजवळ हर्पिसचे फोड उठले असतील त्याला हेडसेट देऊच नये, आवरण कितीही चांगलं असलं तरी. अतिनील किरणांच्या पेट्या वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, किरण फोमच्या आत जात नाहीत, फक्त दिसणाऱ्या पृष्ठभागावर काम करतात.

अनवट

भिंगवाला, गालाखालून २ मिमी काढून बघतो. गादी कधी बदलायची हे कसं ओळखायचं तेवढं सांगा.

भिंगवाला

नवी गादी लावाल त्या दिवशी वर सांगितलेलं पाच जागांचं माप लिहून ठेवा, शक्य तर चौकटीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेनाने. दोन महिन्यांनी त्याच वजनाखाली परत मोजा. कुठेही १.५ मिमीहून जास्त फरक आला, किंवा डाव्या-उजव्या गालात १ मिमीचा फरक दिसला, तर फोम बदला. डावं-उजवं वेगळं झालं की हेडसेट तिरका बसतो, एका डोळ्याला चित्र स्वच्छ आणि दुसऱ्याला धूसर दिसतं, आणि लोक भिंगांमधलं अंतर बदलत बसतात. ते बदलण्याआधी गादी मोजा. नमुन्याचा पुठ्ठा जपून ठेवा, पुढची गादी त्याच्यावरूनच कापायची आहे.